चांदीच्या दोन कणांमधली फट: सर्स शिकणाऱ्यांसाठी पहिला प्रयोग

लहानपणी तोंड आलं की गालाच्या आतून लावायचं ते जांभळं औषध आठवतंय? जेन्शियन व्हायोलेट. प्रयोगशाळेतल्या बाटलीवर त्याचंच नाव क्रिस्टल व्हायोलेट असतं. सूक्ष्मजीवशास्त्राची मुलं ग्राम स्टेनिंगला तेच वापरतात. या रंगाचं एक मायक्रोमोलर द्रावण ७८५ नॅनोमीटरच्या लेसरखाली ठेवून रामन वर्णपट घ्या. पडद्यावर नुसती खरखर दिसेल. आता त्याच द्रावणाचा एक भाग चांदीच्या कोलॉइडच्या (म्हणजे चांदीचे नॅनोकण तरंगत असलेल्या पाण्याच्या) आठ भागांत मिसळा, वर एक भाग मिठाचं पाणी घाला आणि पुन्हा मोजा. ९१५, ११७५ आणि १६२० प्रति सेंटिमीटरच्या आसपास शिखरं ताठ उभी राहतात. रंग आधीपेक्षा दहापट पातळ झालेला असूनही.

हे पहिल्यांदा बघणाऱ्याचा चेहरा मी बऱ्याचदा बघितला आहे. त्यानंतरचा महिनाही बघितला आहे. दुसऱ्या दिवशी शिखरं येत नाहीत, तिसऱ्या दिवशी नको तिथे येतात, आणि कोरं पाणी मोजलं तरी रंगाची शिखरं दिसतात. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला हा विषय घेतलेल्यांचा तो महिना वाचावा, म्हणून हे लिहितो आहे. पूर्ण नाव ‘पृष्ठभागामुळे वाढलेलं रामन विकिरण’, पण प्रयोगशाळेत सगळे ‘सर्स’ म्हणतात. मीही तेच म्हणेन.

आधी थोडं समजून घ्या, मग हात घाला

रेणूवर प्रकाश पडला की बहुतेक प्रकाश होता त्याच रंगाचा बाहेर विखुरतो. फार थोडा प्रकाश रेणूच्या कंपनांना थोडी ऊर्जा देतो आणि रंग बदलून बाहेर येतो. २८ फेब्रुवारी १९२८ ला कोलकात्यात सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांनी हे दाखवलं. आपला विज्ञान दिन त्याच तारखेचा. सरकलेला प्रकाश म्हणजे रेणूची सही. ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरमधून १६२० प्रति सेंटिमीटरचं कंपन वजा केलं की प्रकाश ५८२ नॅनोमीटरला, म्हणजे पिवळ्यात येतो. अडचण एकच आहे: असे सरकलेले फोटॉन दहा लाखांत एक ते दहा कोटींत एक इतकेच. पातळ द्रावणात रेणूच कमी, त्यातून ही कंजुषी. म्हणून खरखर.

१९७४ साली इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅक्विलन यांनी खरबरीत केलेल्या चांदीच्या इलेक्ट्रोडवर पिरिडिनचा रामन संकेत घेतला. तो भलताच जोरदार आला. पृष्ठभाग खरबरीत झाल्यामुळे क्षेत्रफळ वाढलं आणि त्यावर जास्त रेणू बसले, असं त्यांनी मानलं. १९७७ साली दोन गटांनी हा हिशेब तपासला: अमेरिकेत जनमेअर आणि व्हॅन डायन, इंग्लंडमध्ये आल्ब्रेक्ट आणि क्रायटन. क्षेत्रफळाने संकेत काही पट वाढेल. इथे तर तो लाखो पट वाढला होता. म्हणजे रेणू वाढले नव्हते, प्रत्येक रेणूचा आवाज वाढला होता.

का, ते परातीवरून समजेल. परातीत पाणी घ्या आणि ती डावीउजवीकडे हलवा. लय बरोबर जमली की पाणी कडेला उंच चढतं, चुकली की नुसतं थरथरतं. चांदीच्या किंवा सोन्याच्या नॅनोकणातले मोकळे इलेक्ट्रॉन असेच डुलतात. योग्य तरंगलांबीचा प्रकाश ही त्यांची लय, आणि त्या डुलण्याला प्लाझ्मॉन म्हणतात. कणाच्या कडेला विद्युतक्षेत्र उसळतं. तिथे बसलेल्या रेणूवर जास्त तीव्र प्रकाश पडतो आणि त्याने परत सोडलेला प्रकाशही तोच कण पुन्हा वाढवून बाहेर टाकतो. दोन्ही वेळची वाढ मिळून संकेत क्षेत्राच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. क्षेत्र १० पट तर संकेत १० हजार पट. क्षेत्र ३० पट तर संकेत ८ लाख १० हजार पट.

आता मुख्य गोष्ट. एकट्या गोल कणाच्या कडेला ही वाढ बेताचीच असते. दोन कण एक-दोन नॅनोमीटर अंतरावर आले की त्यांच्या मधल्या फटीत क्षेत्र प्रचंड वाढतं. या फटीला हॉट स्पॉट म्हणतात. २००८ साली इलिनॉय विद्यापीठातल्या गटाने चांदीच्या एका पृष्ठभागावरच्या जागा मोजल्या. दहा लाख जागांमधल्या सर्वांत तापट ६३ जागांमधून एकूण संकेताचा २४ टक्के वाटा येत होता. हा आकडा लक्षात ठेवा. पुढच्या प्रत्येक पायरीला ‘असं का करायचं’ याचं उत्तर यातच आहे. तुम्ही चांदी बनवत नाही, फटी बनवत आहात. फट किती रुंद झाली, अशा फटी किती झाल्या आणि तुमचा रेणू तिथे पोचला का, यावर सगळं अवलंबून आहे.

काचेची भांडी आणि पाणी

निम्मे बिघडलेले प्रयोग इथेच बिघडलेले असतात, म्हणून थोडं थांबून सांगतो.

सोन्याच्या कोलॉइडची भांडी आम्लराजाने धुतात: तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल, एक भाग नायट्रिक आम्ल. नवी मुलं चांदीलाही तेच वापरतात आणि फसतात. त्यातल्या क्लोराइडमुळे सिल्व्हर क्लोराइड बनतं आणि काचेला पांढुरकं चिकटून राहतं. चांदीच्या भांड्यांना नुसतं निम्मं पातळ केलेलं नायट्रिक आम्ल पुरतं. हातमोजे, चष्मा आणि फ्यूम हूड हवेतच. नंतर शुद्ध पाण्याने पाच-सहा वेळा खळखळून धुवा. आम्लानंतर भांडं लवकर वाळावं म्हणून त्यात ॲसिटोन किंवा अल्कोहोल कधीही ओतू नका. नायट्रिक आम्ल आणि ही द्रावकं एकत्र आली तर जोरदार अभिक्रिया होते.

पाणी तपासायची सोपी युक्ती: टेस्ट ट्यूबमध्ये तुमचं डिस्टिल्ड पाणी घ्या, त्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे दोन थेंब टाका आणि काळ्या कागदासमोर धरा. किंचितही दुधाळ दिसलं तर पाण्यात क्लोराइड आहे. ते वापरू नका. नळाच्या पाण्याने हीच चाचणी एकदा करून बघा, म्हणजे दुधाळ म्हणजे काय ते डोळ्यांत बसेल.

आणि स्टररची कांडी. ही माझ्या अनुभवातली गोष्ट आहे. एकदा एका कीडनाशकाची शिखरं शोधत असताना १६२० आणि ११७५ ला सुंदर शिखरं आली. आम्ही खूश झालो. मग पाण्याच्या नमुन्यातही ती आली. कीडनाशक संपूर्ण काढून टाकलं तरी आली. रसायनं बदलली, पाणी बदललं, लेसर तपासला. जवळजवळ तीन आठवडे गेले. शेवटी मी चुंबकाची पांढरी कांडी खिडकीच्या उजेडात धरली. तिच्या एका टोकाला फिकट जांभळी छटा होती. आधीच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी क्रिस्टल व्हायोलेट ढवळायला तीच वापरली होती. कांडीचं पांढरं प्लास्टिक रंग धरून ठेवतं आणि धुतलं तरी हळूहळू सोडत राहतं. डोळ्याला जेमतेम दिसणारा तो रंग सर्सला ठणठणीत दिसत होता. तेव्हापासून कोलॉइडची कांडी वेगळ्या डबीत ठेवतो आणि डबीवर ‘फक्त चांदी’ असं लिहून ठेवतो.

कोलॉइड बनवणं

सुरुवातीला ली आणि मायझेल यांची १९८२ ची पद्धत घ्या. स्वस्त आहे, दोन रसायनांत होते आणि सर्ससाठी चांगली चालते.

१०० मिलिलिटर शुद्ध पाण्यात १८ मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट विरघळवा. हे साधारण एक मिलिमोलर झालं. शंकूपात्रात घ्या, वर कंडेन्सर लावता आला तर उत्तम, नाहीतर वाच ग्लास झाका आणि कमी झालेलं पाणी नंतर भरून काढा. ढवळत ठेवून उकळी आणा. दुसरीकडे १ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून १ टक्क्याचं द्रावण ठेवा. उकळी खदखदून आली की त्यातलं २ मिलिलिटर थेंब-थेंब करून दोनेक मिनिटांत सोडा. उकळी मोडू देऊ नका.

आता रंग बघत बसा. मोबाइल बाजूला ठेवा, हे बघण्यासारखं आहे. काही मिनिटं काहीच होत नाही. मग फिकट लिंबू रंग येतो, तो गडद होतो आणि पुढे हिरवट-राखाडी झाक येते. सायट्रेट घातल्यापासून तासभर उकळू द्या, मग ढवळत-ढवळतच थंड होऊ द्या. तयार कोलॉइड मातकट हिरवट-पिवळं असतं. आरपार बघितलं तर पिवळं, बाजूने उजेड पाडून बघितलं तर दुधाळ. काळी पूड खाली बसली किंवा काचेवर आरसा चढला तर तो घाणा फेकून द्या. त्यात मीठ घालून, गाळून, नशीब आजमावून काही होत नाही.

सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागलं तर काही तासांत काळा डाग पडतो आणि बरेच दिवस जात नाही. हातमोजे त्यासाठीही.

सोनं वापरायचं असेल तर तुर्केविचची १९५१ ची पद्धत तशीच आहे: उकळत्या क्लोरोऑरिक आम्लात सायट्रेट. १९७३ मध्ये फ्रेन्सने दाखवलं की सायट्रेट कमी घातलं तर कण मोठे होतात. सोन्याचं कोलॉइड दिसायला देखणं, माणकासारखं लाल असतं, आणि जास्त टिकतं. पण ५३२ च्या हिरव्या लेसरला सोनं फारसं उपयोगी पडत नाही. त्या भागात ते प्रकाश स्वतःच शोषून घेतं. सोन्याला ६३३ किंवा ७८५ चा लेसर लागतो. शिकताना मी चांदीच सुचवेन.

यूव्ही-व्हिजिबलमध्ये बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका

कोलॉइड दहापट पातळ करून शोषणाचा वर्णपट घ्या. ४०० ते ४३० नॅनोमीटरमध्ये एक शिखर दिसायला हवं. या पद्धतीचे कण आकाराने सारखे नसतात, काही गोल, काही कांड्यांसारखे, त्यामुळे शिखर रुंदच येतं. त्याने घाबरू नका. घाबरायचं ते लांब तरंगलांबीकडे, ६०० च्या पुढे, मोठा उंचवटा आला तर. म्हणजे मीठ घालायच्या आधीच कण एकमेकांना चिकटले आहेत.

शिखराची जागा, उंची आणि अर्ध्या उंचीवरची रुंदी वहीत लिहा. प्रत्येक घाण्याला. पुढे सहा महिन्यांनी ‘मार्चमधलं चांगलं होतं, जूनमधलं का नाही’ हा प्रश्न येतोच. तेव्हा हीच तीन आकड्यांची ओळ कामाला येते.

मीठ: इथे फट तयार होते

इथवर तुमच्याकडे सुटे कण आहेत. सायट्रेटमुळे प्रत्येकावर ऋण प्रभार आहे, म्हणून ते एकमेकांना ढकलून दूर राहतात. त्यांचं शिखर ४२० ला आहे, म्हणून ६३३ किंवा ७८५ च्या लेसरशी त्यांची लय जुळत नाही. मीठ घातलं की सोडियमचे आयन त्या प्रभारावर पांघरूण घालतात, ढकलणं कमी होतं आणि कण जवळ येतात. फटी तयार होतात, आणि शोषण लाल रंगाकडे पसरतं. एका कृतीत दोन्ही कामं होतात.

माझं रोजचं मिश्रण असं: ८०० मायक्रोलिटर कोलॉइड, १०० मायक्रोलिटर नमुना, १०० मायक्रोलिटर ०.१ मोलर सोडियम क्लोराइड. म्हणजे शेवटी मीठ १० मिलिमोलर होतं आणि नमुना दहापट पातळ. क्रम हाच ठेवा. आधी नमुना, एक मिनिट थांबा, मग मीठ. उलट केलं तर फटी रेणू पोचायच्या आधीच मिटतात आणि रेणू बाहेरच राहतो.

मीठ घातल्यावर पिवळा रंग हिरवट-राखाडी होत जातो. संकेत आधी वाढतो, काही मिनिटं बऱ्यापैकी स्थिर राहतो, मग घसरतो, कारण गुठळ्या मोठ्या होऊन तळाशी बसतात. तुमच्या कोलॉइडची ही चाल तुम्हालाच शोधावी लागेल. एक मिश्रण घ्या, मीठ घातल्यापासून दर ३० सेकंदांनी १५ मिनिटं वर्णपट नोंदवा आणि १६२० च्या शिखराची उंची वेळेसमोर मांडा. आलेख जिथे सपाट आहे ती तुमची वेळ. त्यानंतर प्रत्येक नमुना त्याच मिनिटाला मोजा, घड्याळ लावून. मीठ जास्त चालतं की कमी, हेही ५, १०, २० आणि ४० मिलिमोलरला एकेकदा बघून घ्या. एक दुपार जाते, पण पुढचे दोन महिने वाचतात.

थेंब वाळवून मोजायचा मोह होईल, कारण वाळल्यावर संकेत जोरदार येतो. पण कपातून सांडलेला चहा वाळला की कसा कडेला गडद कडं राहतं आणि मध्ये फिकट, तसंच इथेही होतं. कडेवर लेसर लावला तर भरपूर, मध्यावर लावला तर काही नाही. वाळलेल्या थेंबातून आकडा हवा असेल तर २०-३० जागा मोजून सरासरी घ्यावी लागते. पहिल्या महिन्यात द्रवातच मोजा.

कोणता रेणू चिकटेल?

वाढलेलं क्षेत्र पृष्ठभागापासून फार झपाट्याने विरतं. २० नॅनोमीटर त्रिज्येच्या गोल कणाच्या पृष्ठभागावर बसलेला रेणू फक्त २ नॅनोमीटर दूर सरकला, तर संकेत जेमतेम एक तृतीयांश उरतो. म्हणून रेणू धातूला चिकटायलाच हवा. क्रिस्टल व्हायोलेट धन प्रभाराचा आहे, ऋण कणांकडे आपोआप जातो. गंधक असलेले थायॉल रेणू चांदी-सोन्याला घट्ट धरतात. ग्लुकोज मात्र चिकटतच नाही. व्हॅन डायन यांच्या गटाला ग्लुकोज मोजण्यासाठी चांदीवर आधी दुसऱ्या रेणूंचा थर बसवावा लागला होता. तेव्हा ‘मला रक्तातली साखर मोजायची आहे’ असं म्हणून कोणी पहिलाच प्रोजेक्ट निवडला तर मी थांबवतो. आधी जो सहज चिकटतो त्याच्यावर हात बसवा.

रोडामिन ६जी सगळ्या शोधनिबंधांत दिसतं. १९९७ साली एकेका रेणूचा संकेत पकडल्याची जी दोन कामं गाजली, त्यांतल्या एकात तेच होतं, तर दुसऱ्यात क्रिस्टल व्हायोलेट. पण ५३२ च्या लेसरखाली रोडामिन स्वतः इतकं चमकतं की चांदीशिवायचा रामन संकेत त्या चमकेत बुडतो आणि तुलनेला काही उरत नाही. क्रिस्टल व्हायोलेट पाण्यात फार कमी चमकतं. शिकण्यासाठी तेच घ्या.

४.०८ मिलिग्रॅम रंग १० मिलिलिटर पाण्यात विरघळवला की एक मिलिमोलर होतो. मग १०० मायक्रोलिटर घेऊन त्यात ९०० मायक्रोलिटर पाणी, असं दहा-दहापट पातळ करत जा. प्रत्येक पायरीला पिपेटचं टोक बदला. पातळ द्रावणं त्याच दिवशी बनवा. नॅनोमोलरच्या आसपास रंगाचा बराच भाग बाटलीच्या भिंतीलाच चिकटून जातो, आणि उद्याची बाटली आजची राहत नाही.

मोजताना

लेसरचा चष्मा घाला. तुमच्या लेसरच्या तरंगलांबीचाच. ७८५ चा किरण डोळ्याला जेमतेम दिसतो, म्हणून तो जास्त धोक्याचा.

आधी सिलिकॉनचा तुकडा ठेवून ५२०.७ ला शिखर येतं का बघा. सरकलं असेल तर यंत्र जुळवून घ्या. शक्ती १ मिलिवॅट किंवा त्याहून कमी ठेवून सुरू करा, वेळ १० सेकंद. संकेत कमी वाटला म्हणून शक्ती वाढवत नेऊ नका, वेळ वाढवा. फटीत प्रकाश एकवटलेला असतो, रेणू तिथे जळतो. १३५० आणि १५८० च्या आसपास दोन रुंद, बुटके डोंगर उगवले तर तो जळलेला कार्बन आहे, तुमचा रेणू नव्हे. बऱ्याच नव्या मुलांनी हे डोंगर आपली शिखरं म्हणून अहवालात दिलेले मी बघितले आहेत.

काचेच्या साध्या स्लाइडची स्वतःची चमक असते. थेंब ठेवायला स्लाइडवर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल ताणून बसवा. पार्श्वभूमी बरीच स्वच्छ येते आणि खर्च जवळपास शून्य.

मोजण्याचा क्रम: सर्वांत आधी कोरे नमुने. कोलॉइड, पाणी आणि मीठ, रंग नाही. मग रंग आणि मीठ, कोलॉइड नाही. मग पातळ रंगापासून घट्ट रंगाकडे. कधीही उलटं नाही. कोऱ्या नमुन्यात सायट्रेटची लहान शिखरं येतील. ती ओळखून ठेवा, ती नेहमी सोबत असतील. कोऱ्या नमुन्यात तुमच्या रंगाचं शिखर आलं, तर त्या दिवशी मोजणी थांबवा आणि भांडी धुवायला घ्या.

किती पट वाढलं?

नव्यांसाठी सर्वांत सोपा हिशेब: सर्सची उंची भागिले सर्समधली संहती, आणि त्याला भागायचं साध्या रामनची उंची भागिले साध्या रामनमधली संहती. एक कल्पित उदाहरण घेऊ. चांदीशिवाय एक मिलिमोलर रंगाने २०० काउंट दिले, आणि चांदीसोबत १० नॅनोमोलरने ४००० दिले. उंची २० पट, संहती एक लाख पट कमी. वाढ २० लाख पट.

हा आकडा लिहिताना लेसर, शक्ती, वेळ, भिंग आणि क्युव्हेट दोन्हीकडे एकच होतं का, हे आधी बघा. शक्ती वेगळी असेल तर भागून घ्या. आणि संहती कोणती धरली तेही लिहा: बाटलीतली की मिश्रणातली. यातच दहापट फरक पडतो. आकडा ‘एका चांगल्या जागेवरून’ काढू नका. तीन वेगळ्या घाण्यांची कोलॉइडं, प्रत्येकी पाच मिश्रणं, त्यांची सरासरी आणि विचलन द्या. ६३ जागांची गोष्ट आठवा. एकच मोजणी कधी त्या जागांपैकी एकीवर पडेल, कधी पडणार नाही. वीस टक्के विचलन आलं तर ते प्रामाणिकपणे लिहा. हाताने बनवलेल्या कोलॉइडला तेवढं येतं. दोन टक्के विचलन दाखवणारा पहिला प्रोजेक्ट माझ्याकडे आला की मी आधी वही मागतो.

शोधण्याची मर्यादा काढताना कोऱ्या नमुन्याच्या दहा मोजण्या घ्या. त्यांच्या विचलनाच्या तिप्पट उंची जिथे ओलांडली जाते, ती मर्यादा. ‘मला डोळ्याला शिखर दिसलं’ हे चालत नाही.

रंगावरून खऱ्या नमुन्याकडे

क्रिस्टल व्हायोलेट तीन घाण्यांत सारखं यायला लागलं की पुढे जा. थायरम हे बुरशीनाशक चांगला पुढचा टप्पा आहे. त्यात गंधक आहे, चांदीला घट्ट चिकटतं, आणि १३८० च्या जवळ त्याचं ठळक शिखर येतं. पाण्यात ते फार थोडं विरघळतं, म्हणून मूळ द्रावण अल्कोहोलमध्ये करून पाण्यात पातळ करा. तेवढंच अल्कोहोल कोऱ्या नमुन्यातही घाला.

मग द्राक्षाच्या किंवा सफरचंदाच्या सालीवर माहीत असलेलं थायरम लावून, वाळवून, ओल्या बोळ्याने पुसून काढा आणि किती परत मिळालं ते बघा. इथे नवी लढाई सुरू होते. सालीवरचं मेण, रसातले रंग, सगळेच फटीत जागा मागतात आणि थायरमला बाहेर ठेवतात. नुसत्या पाण्यातली मर्यादा फळावर टिकेल अशी आशा धरू नका. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. निर्यातीच्या द्राक्षांमधल्या अवशेषांच्या तपासणीवर तिथून देखरेख होते. अशा तपासणीत द्रव क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीसारख्या पद्धतींचा निकाल धरला जातो. सर्सचं बळ वेगळं आहे: शेताच्या बांधावर, हातातल्या यंत्राने, काही मिनिटांत ‘यात काहीतरी आहे, पुढे पाठवा’ एवढं सांगणं. मला ते कामही मोलाचं वाटतं. द्राक्षाच्या हंगामात अहवालाची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याला दिवस मोजावे लागतात.

साठवण आणि उरलेलं

देवघरातली चांदीची निरांजनं पंधरा दिवसांत कशी काळवंडतात, ते घरी बघितलं असेल. हवेतल्या गंधकाने तसंच तुमच्या कोलॉइडचंही होतं, आणि कण लहान असल्यामुळे लवकर होतं. तपकिरी काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून, फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आसपास ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नको. एकदा गोठलं की कण चिकटतात आणि वितळल्यावर सुटत नाहीत. वापरायच्या आधी थोडं बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, हलक्या हाताने हलवा आणि यूव्ही-व्हिजिबल पुन्हा घ्या. शिखर दहा नॅनोमीटरपेक्षा जास्त सरकलं असेल तर नवं बनवा.

चांदीचा सगळा टाकाऊ द्रव एका वेगळ्या बाटलीत जमा करा, सिंकमध्ये नको. त्या बाटलीत अमोनिया किंवा अल्कोहोल जाऊ देऊ नका, चांदीसोबत त्यांची स्फोटक संयुगं बनू शकतात. नायट्रिक आम्लाचा टाकाऊ भाग वेगळा, आणि त्याचं बूच घट्ट लावू नका, आत वायू साठतो. दोन्ही बाटल्यांवर आत काय आहे, कोणी ठेवलं आणि कोणत्या तारखेला, हे मार्करने लिहा. कोलॉइडच्या बाटलीवर तारखेखाली यूव्ही-व्हिजिबलच्या शिखराचा आकडाही टाका, म्हणजे तुमच्यानंतर फ्रिज उघडणाऱ्याला बाटली हातात घेतल्या घेतल्या कळेल की हे वापरता येईल की नाही.